जुनी एमएक्स-५ स्वतः दुरुस्त करायची आहे? इथून सुरुवात करा

जुनी स्पोर्ट्स कार दारात उभी राहिली की सल्ले फुकट मिळायला लागतात. कोणी म्हणतं, इंजिन उघडून सगळं नवं टाक. कोणी म्हणतं, चालतेय ना, मग हात लावू नकोस. पहिल्याचं ऐकलं तर पैसे जातात, दुसऱ्याचं ऐकलं तर गाडी जाते.

हा लेख पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ बद्दल आहे. १९८९ ते १९९७ या काळात बनलेली, वर उघडणाऱ्या दिव्यांची, दोन माणसांची गाडी. जपानमध्ये ती युनोस रोडस्टर नावाने विकली गेली, अमेरिकेत मियाटा नावाने. घरी काम शिकायला यापेक्षा सोयीची जुनी स्पोर्ट्स कार सापडणं कठीण आहे. इंजिन लांबीत बसवलेलं असल्याने दोन्ही बाजूंना हात जातो, इलेक्ट्रॉनिक्स थोडं आहे, आणि सुटे भाग अजून मिळतात. माझदानेच २०१७ मध्ये जपानमध्ये या गाडीच्या जीर्णोद्धाराची सेवा जाहीर केली आणि बंद झालेले काही भाग पुन्हा बनवायला घेतले.

माझा मुद्दा एकच आहे आणि तो पुढे सारखा येत राहील: या गाडीत बिघाड दिसला की सगळ्यात स्वस्त संशयित आधी तपासायचा. तीस वर्षांच्या रबराचा एखादा तुकडा बऱ्याचदा मोठ्या आजाराचं सोंग घेतो.

१. आधी आपली गाडी नेमकी कोणती ते ठरवा

सुरुवातीची सगळी इंजिनं १.६ लिटरची. १९९३ च्या उत्तरार्धात १.८ आलं, पण काही देशांत १.६ त्यानंतरही विकलं गेलं. त्यामुळे नुसत्या सालावरून भाग मागवू नका, चुकीचा येईल. बॉनेट उघडून हवेचा मार्ग बघा. एअर फिल्टरला लागून हवा मोजणारा, आत झडप असलेला चौकोनी मीटर दिसला तर सुरुवातीचं १.६. १.८ मध्ये त्या जागी तापत्या तारेचा सेन्सर असतो. १.८ सोबत डिफरन्शिअलही (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) मोठं आलं आणि ब्रेकच्या डिस्कही मोठ्या झाल्या. पॅड घेताना याच गोष्टीवरून गोंधळ होतो.

१.६ असेल आणि गाडी अगदी सुरुवातीच्या वर्षांतली असेल, तर आणखी एक तपासणी लगेच करा. इंजिनाच्या पुढे, खाली, क्रँकची (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याची) पुली असते. तिच्या मधल्या भागात चार खाचा असतील तर क्रँकचं नाक आखूड आहे. आठ असतील तर नंतरचं, लांब नाकाचं. आखूड नाकाच्या क्रँकमध्ये पुढचा मोठा बोल्ट नीट आवळला गेला नसेल तर पुलीला क्रँकवर अडकवून ठेवणाऱ्या लोखंडी चावीची खाच हळूहळू झिजते, पुली लंगडत फिरते आणि टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि ठिणगीची वेळ, सरकतं. इंजिन चालू करून पुलीकडे बाजूने बघा. स्थिर फिरत असेल तर घाबरायचं कारण नाही, अशा कित्येक गाड्या लाखो किलोमीटर चालल्या आहेत. डुलत असेल तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी हेच बघायचं.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- आपल्या सालाचं वर्कशॉप मॅन्युअल. मालकाला गाडीसोबत मिळतं ते छोटं पुस्तक पुरेसं नाही.
- वायरिंगचा नकाशा. तो बहुधा वेगळा असतो.
- चेसिस नंबर आणि इंजिन नंबर, फोनमध्ये फोटो काढून.
- आधीच्या मालकाकडची बिलं. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा पट्टा) बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा, तोंडी शब्द कितीही गोड असला तरी.
- एक वही. तारीख, किलोमीटर, काय केलं, कुठला भाग टाकला.

२. हत्यारं: थोडी, पण चांगली

या गाडीवर बहुतेक काम १०, १२, १४ आणि १७ च्या पान्यांनी होतं. चाकांचे नट २१ चे. सॉकेटचा एक बरा संच, लांब एक्स्टेन्शन, रिंग पाने, एलन कीचा संच (४ मिलिमीटरची हवीच, कारण पुढे कळेल), चांगल्या टोकाचे स्क्रू ड्रायव्हर, प्लास, मल्टिमीटर, टायमिंग लाइट, गंज सोडवणारं तेल, वायर ब्रश, नरसाळं आणि तेल धरायला पसरट भांडं.

एका गोष्टीत मात्र हात आखडता घेऊ नका: टॉर्क रेंच. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि त्यातले आटे एकदा गेले की दहा मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं. स्पार्क प्लगला १५ ते २३ न्यूटन-मीटर पुरतात, ऑइलच्या ड्रेन प्लगला ३० ते ४१, चाकांच्या नटांना ८८ ते ११८. हे आकडे एका कागदावर लिहून हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. तेलकट हातांनी मॅन्युअलची पानं उलटायची वेळ येणार नाही.

३. गाडी उचलणं

या भागात घाई केली तर जीव जातो, म्हणून सावकाश वाचा.

जमीन सपाट आणि पक्की हवी. मातीवर नाही, उतारावर नाही. न उचलायच्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचर. ट्रॉली जॅक पुढे लावायचा तर पुढच्या क्रॉसमेंबरच्या (गाडीखालच्या आडव्या जाड तुळईच्या) मधोमध, मागे लावायचा तर डिफरन्शिअलच्या घराखाली. मधे लाकडाचा तुकडा ठेवलात तर रंग खरवडणार नाही. मग घोड्या, म्हणजे जॅक स्टँड, दारांखालच्या सिलवर जिथे दोन खाचांच्या मधे पत्रा जाड केलेला आहे तिथेच लावायच्या. जॅक खाली सोडून वजन घोड्यांवर येऊ द्या. गाडीखाली शिरण्याआधी तिला बाजूने दणकून हलवून बघा. हलायची असेल तर तुम्ही बाहेर असतानाच हलू दे.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. 'दोनच मिनिटं' हे कारण चालत नाही.

नवख्यांचा हमखास सापळा: खाली वाकलं की गिअरबॉक्सपासून डिफरन्शिअलपर्यंत गेलेला ॲल्युमिनियमचा लांब दांडा दिसतो आणि तो जॅकसाठीच ठेवलाय असं वाटतं. तो दोघांना जोडणारा सांगाडा आहे, त्यावर जॅक लावायचा नाही. गाडीखालून पुढे-मागे गेलेल्या पेटीसारख्या पत्र्याच्या रेल्सवरही नाही. आधीच्या कोणीतरी तिथे जॅक लावून त्या चेपवलेल्या तुम्हाला दिसतीलच.

४. काहीही उघडण्याआधी पाहणी

एक निवांत सकाळ, एक टॉर्च आणि वही. पान्यांना आज सुट्टी.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. '२३१२' म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी असा टायर आधी बदला. एक टनाच्या आसपास वजनाच्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत कडक झालेला टायर ओल्या रस्त्यावर काय करतो ते अनुभवून बघायची गरज नाही. मूळ मापाच्या १८५/६० आर १४ टायरमध्ये हवा २६ पीएसआय. हवा भरणारा माणूस सवयीने ३२ भरतो, त्याला आधीच सांगा.

रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिकच्या टाकीचा रंग बघा. नवी असताना ती काळी असते. तपकिरी किंवा शेवाळी झाली असेल तर तिचे दिवस भरलेत. ती एक दिवस वरून तडकते आणि पाणी गेलं की हेड तापून वाकतं. रेडिएटर बदलणं हे अर्ध्या दिवसाचं, नवख्याला जमणारं काम आहे. वाट बघू नका.

बॅटरी डिक्कीत आहे, बंद कप्प्यात. म्हणून मूळची बॅटरी सीलबंद, वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या लावायची सोय असलेली होती. कोणीतरी साधी उघडी बॅटरी टाकली असेल तर आसपासचा पत्रा गंजलेला सापडेल. तिथलं कार्पेट उचलून बघा, आणि बदलताना नळीची सोय असलेलीच बॅटरी घ्या.

कुलंटच्या नळ्या दाबून बघा: चिवट लागायला हव्यात. दगडासारख्या कडक किंवा चिखलासारख्या मऊ, दोन्ही वाईट. हवेच्या जाड रबरी नळीच्या घड्या बोटांनी उघडून आत चीर आहे का बघा. ही चीर वरून दिसत नाही आणि पुढे सातव्या भागात आपल्याला हिची गरज पडणार आहे.

५. द्रव बदला, सगळे

आधीच्या मालकाने काय केलं यावर वाद घालत बसण्यापेक्षा सगळे द्रव एकदा बदलून वहीत किलोमीटर लिहिणं सोपं.

इंजिन ऑइल: १०डब्ल्यू-३० किंवा आपल्या हवामानाप्रमाणे मॅन्युअलमध्ये दिलेलं. फिल्टर धरून साडेतीन ते चार लिटर लागतं. भरताना थोडं कमी भरा आणि दांडीवर बघून वाढवा. खरी कटकट फिल्टरची. तो इंजिनाच्या उजव्या बाजूला (गाडीत बसून समोर पाहताना उजवी) इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली लपलेला आहे. वरून हात घातला तर बोटं पोचतात पण पकड मिळत नाही. पुढचं उजवं चाक काढून त्या बाजूने किंवा खालून गेलात तर बरं पडतं. काढल्यावर जुन्या फिल्टरचं रबरी वायसर त्याच्यासोबतच आलं ना, ते बघा. ते इंजिनाला चिकटून राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर बसवला तर चालू करताच सगळं तेल जमिनीवर.

थंड इंजिन चालू केल्यावर वरून टक-टक आवाज येतो का? या इंजिनांतले हायड्रॉलिक लिफ्टर (तेलाच्या दाबावर चालणारे, व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) असे बोलतातच. तेलाची पातळी बरोबर असेल आणि गरम झाल्यावर आवाज थांबत असेल तर त्याला बोलू दे.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल: नियम एक, भरायचा प्लग आधी सैल करा, रिकामा करायचा नंतर. जुना गंजलेला भरायचा प्लग निघालाच नाही आणि खालून तेल मात्र सगळं गेलंय, अशी गाडी हलवताही येत नाही. गिअरबॉक्सला ७५डब्ल्यू-९०, २ लिटर. मी जीएल-४ दर्जाचं वापरतो, गिअर जुळवून देणाऱ्या पितळी सिंक्रोनायझरना ते मानवतं. डिफरन्शिअलला जीएल-५ दर्जाचं ९० नंबर, १.६ ला साधारण ०.६५ लिटर आणि १.८ ला १ लिटर.

गिअर टाकताना खरखर किंवा अडखळ जाणवत असेल तर गिअरबॉक्स खोलायचा विचारही अजून करू नका. गिअरच्या दांड्याखाली तेलाचा एक वेगळा छोटा कप्पा आहे आणि खालचं तेल बदलून तो भरत नाही. कन्सोल काढा, दांड्याभोवतीची रबरी टोपणं काढा, दांडा वर ओढा. कप्पा बऱ्याच वेळा कोरडा ठणठणीत असतो. त्यात साधारण ८० ते ९० मिलिलिटर गिअर ऑइल टाका. खालचं रबरी टोपण फाटलेलं असणार, तेही बदला. केबिनमध्ये पायाशी येणारी गरम हवा त्याच फाटीतून येते.

कुलंट: ॲल्युमिनियमला चालणारं, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. साधारण ६ लिटर. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, गाडीचं नाक थोडं वर असू द्या, आणि बुडबुडे थांबेपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन जागेवरच चालवा. इंजिन गरम असताना बंद झाकण मात्र कधीही उघडायचं नाही.

ब्रेक ऑइल: डॉट ३ किंवा डॉट ४, दर दोन वर्षांनी. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही. आकडा मोठा म्हणून चांगलं असेल असं समजून घेऊ नका. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग उचलून येईल.

६. मागचे ब्रेक पॅड

पुढचे पॅड बदलणं कोणत्याही गाडीसारखंच: दोन बोल्ट, पिस्टन मागे दाबा, नवे पॅड, झालं. मागे मात्र हँडब्रेकची यंत्रणा कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) आतच आहे, आणि इथे लोक जोर लावून नवा कोरा कॅलिपर विकत घ्यायची वेळ आणतात. सी-क्लॅम्पने (स्क्रूने दाबणाऱ्या शिकंजाने) तो पिस्टन मागे जात नाही. आतली यंत्रणा तुटते.

बरोबर पद्धत अशी:

१. हँडब्रेक पूर्ण सोडा. गाडी घोड्यांवर, पुढच्या चाकांना पाचर.
२. कॅलिपरच्या मागच्या अंगाला, म्हणजे गाडीच्या आतल्या बाजूला, १४ चा एक बोल्ट दिसेल. तो नुसतं झाकण आहे. काढा आणि जपून ठेवा.
३. त्या भोकात ४ मिलिमीटरची एलन की घाला. आत षटकोनी खाच लागेल. टॉर्चने न दिसली तरी कीला ती जाणवते.
४. घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. पिस्टन हळूहळू आत जाताना दिसेल. जोर लागत नाही. लागत असेल तर दिशा चुकली आहे किंवा पिस्टन गंजून अडकला आहे.
५. जुने पॅड काढा, सरकपिना पुसून ब्रेकचं ग्रीस लावा, नवे पॅड बसवा.
६. आता घड्याळाच्या दिशेने फिरवत पॅड डिस्कला जेमतेम टेकेपर्यंत आणा आणि तिथून एक तृतीयांश फेरा मागे घ्या. चाक हाताने मोकळं फिरायला हवं.
७. झाकणाचा बोल्ट परत लावा, नाहीतर पाणी आत जाईल.

गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत चार-सहा वेळा दाबा. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण आहे.

हँडब्रेक 'लागतच नाही' म्हणून केबल बदलायला निघालेल्यांनीही आधी हीच एलन की फिरवून बघावी. बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं.

७. तेल गळतंय, इंजिन रडतंय

गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या सांध्यातून तेल टपकतंय, असं या गाडीच्या जवळजवळ प्रत्येक मालकाला कधी ना कधी सांगितलं जातं. निदान ठरलेलं: 'क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.' माझ्या गाडीबद्दलही एका गॅरेजने हेच सांगितलं होतं. उतरवायची गरज नव्हती.

इंजिन हेडच्या अगदी मागे, केबिनच्या पत्र्याला लागून, कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) कोन मोजणारा सेन्सर आहे. त्याला एक ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, असते, ती वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक आणि चपटी होते. तेल तिथून झिरपतं, इंजिनाच्या पाठीवरून ओघळतं आणि बरोबर त्या सांध्यापाशी येऊन टपकतं. खालून बघणाऱ्याला सील गेल्यासारखंच दिसतं.

खात्री करायची तर इंजिनाची पाठ वरून खालपर्यंत धुवा, दोन-तीन दिवस चालवा, मग टॉर्च आणि छोट्या आरशाने वरून खाली बघत या. ओल सेन्सरच्या बुडापासून सुरू झाली असेल तर चोर सापडला. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट हा दुसरा संशयित, तेही स्वस्त.

सेन्सर काढण्याआधी त्याच्या अंगावर आणि हेडवर मिळून एक बारीक सरळ रेघ कोरा. मार्करची रेघ तेलात पुसली जाते. हा सेन्सर फिरवूनच इग्निशनचं टायमिंग ठरतं. मग १२ चा बोल्ट सैल करा आणि सेन्सर सरळ मागे ओढा. जागा इतकी अडचणीची आहे की हात घालताना मनगट खरचटणारच, आणि जुनी ओ-रिंग एवढी कडक झालेली असते की कटरने कापून काढावी लागते. नवीला इंजिन ऑइलचं बोट लावा, सेन्सर बसवा. त्याची जोडणी एकाच स्थितीत बसते, उलटा बसत नाही. रेघ जुळवा, बोल्ट आवळा.

त्यानंतर टायमिंग तपासा. बॉनेटखाली डाव्या बाजूला 'डायग्नोसिस' असं झाकणावर छापलेली छोटी डबी आहे. इंजिन गरम करा, एसी आणि दिवे बंद ठेवा, डबीतले टीईएन (TEN) आणि जीएनडी (GND) हे दोन पॉइंट तारेने जोडा. आता टायमिंग लाइटने १० अंश दिसायला हवेत आणि इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण ८५०. तार काढायला विसरू नका.

हीच तार जुन्या गाड्यांमध्ये बिघाडाचे कोडही सांगते: पॉइंट जोडून चावी ऑन केली की इंजिनाचा दिवा ठरावीक लयीत लुकलुकतो, मॅन्युअलमधल्या तक्त्याशी ताडून बघायचं. अमेरिकेतल्या १९९६ पासूनच्या गाड्यांना मात्र ओबीडी-२ चा (बिघाडाचे कोड वाचायच्या ठरावीक पद्धतीचा) स्कॅनर लागतो.

इंजिन थरथरतंय, ओल्या हवेत अडखळतंय, जोर लावला की धक्के देतंय? क्रम असा ठेवा: आधी प्लगच्या वायरी. त्या या गाडीत लवकर मरतात, आणि रात्रीच्या अंधारात बॉनेट उघडून बघितलं तर कधीकधी ठिणग्या उडतानाही दिसतात. मग प्लग, एनजीके कंपनीचे बीकेआर५ई-११ किंवा त्याच्या बरोबरीचे. मग ती घड्यांची हवेची नळी. मीटर आणि इंजिनाच्या मधे चीर असेल तर न मोजलेली हवा आत जाते आणि इंजिनाचा हिशोब चुकतो. या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय कॉइल, इंजेक्टर, कॉम्प्युटर यांची नावं काढायची नाहीत.

८. टायमिंग बेल्ट

बदलायचं अंतर साधारण १ लाख किलोमीटर. पण या वयाच्या गाडीत किलोमीटरपेक्षा वर्षं मोजावीत. दिलासा इतका की या इंजिनांत बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळत नाहीत. गाडी रस्त्यात बंद पडते, इंजिन वाचतं.

नवख्याने पहिलंच काम म्हणून हे घेऊ नये. वरचे भाग हातात बसल्यावर घ्यावं, आणि पूर्ण शनिवार-रविवार ठेवून. सगळी कृती मॅन्युअलमध्ये आहे, मी फक्त जिथे लोक अडकतात ते सांगतो.

पाण्याचा पंप अल्टरनेटरच्या बेल्टवर फिरतो, पण तो काढायला टायमिंग बेल्ट उतरवावाच लागतो. म्हणून बेल्टसोबत पंप, टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणणारी आणि वळवणारी चाकं), दोन कॅम सील आणि क्रँकचं पुढचं सील, सगळं एकदमच. पन्नास बोल्ट परत उघडायची हौस कोणालाच नसते.

कॅमच्या पुल्यांवर आय (I) आणि ई (E) अशा खुणा आहेत. बेल्ट चढवल्यावर त्या दोन खुणांच्या मधले दात मोजा: १९ हवेत. मग प्लग काढून इंजिन पान्याने, हाताने, घड्याळाच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि पुन्हा मोजा. एक दात चुकला तरी गाडी चालू होते, नुसती मरगळलेली चालते, आणि मग माणूस महिनाभर बाकी सगळं बदलत बसतो.

आखूड नाकाचा क्रँक असेल तर पुढचा बोल्ट नवा घ्या, चावी आणि खाच नखाने चाचपून बघा, आणि टॉर्क त्या क्रँकसाठी दिलेलाच ठेवा. लांब नाकाचा आकडा वेगळा आहे. इंपॅक्ट गनने हा बोल्ट आवळायचा नाही.

९. क्लचचं पेडल जमिनीला टेकलं तर

क्लच प्लेट गेली असं समजू नका. आधी क्लच ऑइलच्या डबीतली पातळी बघा, मग गिअरबॉक्सच्या बाहेर लावलेला स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबाने क्लच ढकलणारा भाग. त्याची रबरी टोपी सोलून बघितली आणि आत ओल असली तर तोच दोषी. या गाडीत तो ठरावीक काळाने जातोच. दोन बोल्ट आणि एक नळी, गिअरबॉक्स जागेवरच राहतो. बदलल्यावर हवा काढायला एक माणूस पेडलवर लागतो, घरातल्या कोणाला तरी आधीच सांगून ठेवा. पेडलकडचा मास्टर सिलिंडरही जुना असेल तर दोन्ही एकत्र बदला, कारण नव्या स्लेव्हचा दाब आला की जुन्या मास्टरचं रबर बऱ्याचदा हार मानतं.

१०. छत, पाणी आणि गंज

छताच्या दोन्ही मागच्या कोपऱ्यांत, सीटच्या पाठीमागे, पाणी वाहून जायची भोकं आहेत. पानं आणि धूळ साचून ती तुंबतात, पाणी सिलच्या आत उतरतं आणि मागच्या चाकाच्या पुढे पत्रा आतून गंजायला लागतो. वरून रंगाचा एक फोड दिसतो तेव्हा आत बरंच काम झालेलं असतं. वर्षातून दोनदा भोकात पाणी ओता. गाडीखालून लगेच वाहिलं पाहिजे. न वाहिल्यास मऊ नळी हलक्या हाताने फिरवा. तार खुपसू नका, आतलं रबर फाटेल आणि मग पाणी कायमचं आतच.

छत खाली करताना आधी मागच्या प्लॅस्टिक खिडकीची चेन उघडून ती सपाट झोपवा, मग छत दुमडा. थंडीत ते प्लॅस्टिक कडक असतं, तेव्हा दुमडू नका.

वर येणारे दिवे एखाद दिवशी अर्धवट राहिले तर प्रत्येक दिव्याच्या मोटरवर रबरी टोपीखाली हाताने फिरवायची मूठ आहे, तिने दिवा वर आणता येतो. पण बोटं घालण्याआधी 'रिट्रॅक्टर' लिहिलेला फ्यूज काढा. मोटर अचानक जागी झाली तर बोट चेंगरतं.

११. जे मी बाहेरून करून घेतो

सिलचं वेल्डिंग, कारण वरून पत्रा ठोकून रंग लावणाऱ्यांची कमी नाही आणि आतला गंज तसाच राहतो. वेल्डिंग करणाऱ्याला कापलेल्या जागेचा फोटो मागा. सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतली रबरं) बदलल्यावरचं चारही चाकांचं अलाइनमेंट, कारण या गाडीत मागची चाकंही जुळवता येतात आणि त्याला यंत्र लागतं. एअरबॅग असलेलं स्टिअरिंग. आणि स्प्रिंग दाबून शॉक ॲब्सॉर्बर सुटे करणं, जोवर चांगला स्प्रिंग कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार) आणि तो वापरलेला माणूस शेजारी नसेल तोवर.

अलाइनमेंटला जाण्याआधी घरी एक काम करून जा: जुळवणीच्या बोल्टांना आठवडाभर आधीपासून रोज गंज सोडवणारं तेल मारा. ते बुशमध्ये गंजून बसलेले असतात, आणि न हललेल्या बोल्टासाठी गाडी तशीच परत आणावी लागते.